पेठ्यांची फुली

हॅनोव्हरला आमचे पेठे सकाळी दात घासायच्या आधी कोण पडणार ते जाहीर करायचे, आणि ज्याला त्यांनी पाडलं तो हटकून निवडून यायचा. “आल्झो, लिहून घ्या!” असं जर्मन ‘तर मग’ लावून ठणकावायचं, मगच ब्रश तोंडात. मी कधीच लिहून घेतलं नाही, म्हणून आमची मैत्री टिकली.

आम्ही दोघं फ्राऊ ब्रिंकमान नावाच्या विधवा बाईंच्या घरी भाड्यानं राहायचो. मी नुकताच इंजिनिअरिंग शिकायला आलेलो. पेठे माझ्याहून बरेच मोठे, काँक्रीटवर डॉक्टरेट करत होते. काँक्रीट केव्हाच सुकलं होतं, प्रबंध अजून ओलाच होता. कारण स्वारी प्रयोगशाळेत कमी आणि निवडणुकीच्या सभांना जास्त. सभा कुठल्या पक्षाची, हा प्रश्न गौण.

आणि गंमत म्हणजे, या माणसानं जन्मात एकदाही मत दिलं नव्हतं! तरुणपणी एक संधी आली, तेव्हा विषमज्वरानं झोपलेले. पुढं देशात सगळ्यांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा हे बोटीवर. “इकडे मी एडनला उतरलो आणि तिकडे लोक रांगा लावून मतं देतायत!” हे ते इतक्या कळवळून सांगायचे की, यांच्या मतावाचून सरकार अडलं होतं असं वाटावं. जर्मनीत तर परदेशी माणूस, मत कुठलं द्यायला! “एकदा तरी त्या पडद्यामागं जायचंय रे,” असं म्हणायचे, बाईंनाही तेच ऐकवायचे, आणि मग लगेच कोणाला तरी पाडायचे.

त्या वर्षी राज्याची निवडणूक लागली. मुख्यमंत्री कोण, ते नवी विधानसभा ठरवणार. आणि विधानसभेत आमच्या भागातून कोण जाणार, ते पेठे ठरवणार. निदान पेठ्यांची तशी समजूत होती. लष्करच्या भाकऱ्या भाजायला त्यांनी पानगळीपासूनच सुरुवात केली. आधी एका पक्षाचे सभासद कोपऱ्यावरच्या बिअरच्या गुत्त्यात, मागच्या खोलीत जमून आपला उमेदवार निवडणार होते. बाहेरच्याला आत मज्जाव. पेठे बाहेरच्या टेबलावर सफरचंदाचा रस घेऊन बसले आणि दाराच्या फटीतून हवा बघू लागले.

पेठ्यांचा माणूस म्हणजे एक किडकिडीत शाळामास्तर. मास्तरांचं नाव पक्कं झालं मात्र, पेठे आत घुसले आणि पिशवीतून हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. झेंडू मिळेना, म्हणून पांढऱ्या शेवंतीचा. स्वतः ओवलेला. त्या मुलखात पांढरी शेवंती थडग्यावर वाहतात, हे पेठ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून मान खाली घातली. मास्तर बिचारे स्वतःची नाडी चाचपत बसले.

तरी पेठे मागे हटतात होय? मास्तरांची पत्रकं घेऊन ते दारोदार फिरले. दार उघडलं की वाकून नमस्कार. दोन घरांत त्यांना गालिचे केवढ्याला दिले म्हणून विचारलं.

समोरचा उमेदवार होता एक गोलमटोल विमा एजंट. पेठे त्याला ‘भोपळा’ म्हणत. पंचाईत अशी की आमच्या घरमालकीणबाई भोपळ्याच्या पक्क्या. युद्धानंतरच्या हिवाळ्यात त्यानं बाईंच्या दारात कोळशाची पोती आणून टाकली होती.

“तो भोपळा आहे, फ्राऊ ब्रिंकमान!”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आणि थंडीत भोपळ्याचं सूपच कामी येतं, हेर पेठे.”

अख्खा हिवाळा न्याहारीला हेच. (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.)

मतदानाच्या रविवारी बाई स्वयंपाकघरातून आल्या त्या उजव्या हाताला भलंमोठं बँडेज गुंडाळून. जिन्यात घसरले म्हणाल्या. तिथं उमेदवाराच्या नावापुढं पेन्सिलीनं फुली मारली की मत झालं. ज्याला स्वतः फुली मारता येत नाही त्याला विश्वासाचं माणूस पडद्यामागं नेता येतं, असा तिथला कायदा. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “हेर पेठे, तुम्ही याल?”

पेठ्यांच्या हातातला पाव कॉफीत पडला.

ते लग्नाला निघाल्यासारखे काळा कोट घालून निघाले. मी मागोमाग. अख्खा हिवाळा भोपळ्याच्या नावानं शंख करणाऱ्याच्या हाती भोपळ्याचं मत! मतदान होतं त्या शाळेत दोघं पडद्याआड गेली आणि बाहेर येईनातच. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. शेवटी आली. बाईंनी डाव्या हातानं पाकीट पेटीत टाकलं. पेठे रुमालात नाक शिंकरत होते.

घरी पोचल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठलं. “अहो पेठे, कुणाला?”

“गुप्त मतदान असतं, गाढवा.” मग पायरीवर बसलेच. “बाई म्हणाल्या, तुम्हाला हवी तिथं फुली मारा. आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.”

“मग?”

“मग काय? पेन्सिल मास्तरांवर नेली. टेकवणार, तोच तो कोळसा आठवला. मत तिचं रे. दिलं भोपळ्याला.” त्यांचे डोळे पुन्हा भरले. “पण फुली मी मारली. मी!”

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं उघडलं. आत फ्राऊ ब्रिंकमान बटाटे सोलत होत्या. सुरी उजव्या हातात, झरझर चाललेली. बँडेज नीट गुंडाळी करून खिडकीत ठेवलेलं.

मी तोंड उघडणार तोच पेठ्यांनी माझं मनगट दाबलं. मग मुद्दाम खाकरून आत गेले. बाईंनी सुरी टाकून हात चटकन एप्रनखाली लपवला. पेठ्यांनी सुरी उचलली, खुर्ची ओढली आणि बटाटा हातात घेतला.

“दुखऱ्या हाताला काम सांगायचं नसतं, फ्राऊ ब्रिंकमान. आल्झो, हा आठवडाभर तुम्ही बटाटे सोलणार नाही. लिहून घ्या!”

आठवडाभर बाईंनी खरंच सुरी धरली नाही. पेठ्यांचं खरं ठरलेलं भाकीत मी एवढं एकच पाहिलं.