खिडकीजवळच्या टोकाची सखू

नरोटे सर रोज बाकाच्या एका रिकाम्या टोकाला गुड मॉर्निंग म्हणायचे. नुसते म्हणून थांबायचे नाहीत, उत्तराची वाट पाहायचे.

आधी सगळी आठवी उभी राहून सरांना नमस्कार घालायची. मग सर बोट वर करायचे आणि पोरंपोरी एकजात खिडकीकडे वळून म्हणायची, "गुड मॉर्निंग, सखू." त्या टोकाला कुणी नसायचं. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा तेवढा असायचा. सर मान जराशी तिरपी करून ऐकायचे. खिडकीची कडी वाऱ्यानं एकदा खुट् करायची. मग सर म्हणायचे, "थँक यू. सिट डाऊन." आणि एवढ्या वेळात एकही पोरगं हसायचं नाही. आठवीतलं पोरगं हसत नाही, यापेक्षा भीतिदायक गोष्ट मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

हे सगळं आठवायला कारण माझी नात. ती यंदा आठवीत गेली. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गाचे नियम छापून घरी पाठवले, खाली पालकाची सही मागितली. "आजी, वाच ना, किती कडक आहेत!" म्हणून तिनं कागद माझ्या नाकापुढे धरला. मोबाइल आणू नये, गृहपाठ वेळेत द्यावा, एकमेकांचा आदर करावा. मी म्हटलं, "बाळे, हे नियम नाहीत, ही लग्नपत्रिकेतली विनंती आहे. नियम ऐकायचे तर नरोटे सरांचे ऐक."

आमची शाळा बोरीच्या पुढं, आतल्या रस्त्याला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून ओळखतात आणि मी कशी पळाले तेही त्यांना ठाऊक आहे. मी दिवाळीनंतर तिथं हिंदी शिकवायला रुजू झाले. परभणी शहरातली बाई मी, डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पर्स, आणि डोक्यात असा समज की आपण या गावात उजेड घेऊन आलोय. पहिल्याच आठवड्यात परिपाठाला मी भाषण ठोकलं. "मुलांनो, भूत नसतं. ते मनाचे खेळ असतात." टाळ्या पडल्या. रात्री खोलीवर उंदीर खुडबुडला, तर मी दिवा चालू ठेवून झोपले. हे मुलांना सांगितलं नाही.

नरोटे सर इंग्रजीचे. उंच, वाळके, सदऱ्याची गळ्यापाशी असलेली गुंडीसुद्धा लावलेली. कपाळावर आठी नाही, ओठावर हसू नाही. त्यांचा आवाज कधी चढत नसे. घोंगडीवरून हात फिरवावा तसा जाड, एका लयीत चालणारा. वर्गात पाऊल टाकलं की इंग्रजी, पाऊल बाहेर काढलं की आमची बोली. मधलं काही नाही. कुणी काही विचारलं की उत्तराच्या शेवटी ठरलेलं, "रूल म्हंजे रूल, मॅडम."

आठवीची पोरं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून यायची. हायस्कूल नवं, इंग्रजीचे सर नवे. पहिल्या दिवशी सर फळ्यावर काही लिहीत नसत. नियम तोंडी सांगायचे आणि वदवून घ्यायचे. चूक करायची तर मोठ्यानं करायची, पुटपुटलेली चूक दुरुस्त करता येत नाही. शब्द आठवला नाही तर छताकडे बघायचं नाही, छतावर पाली सोडून काही नाही. दुसऱ्याच्या चुकीला हसेल त्यानं पुढचा अख्खा परिच्छेद वाचायचा. आणि शेवटचा: कुणी वर्गात नसेल तर त्याच्या जागेवर बसायचं नाही, दप्तर ठेवायचं नाही, त्याला विचारल्याशिवाय तास पुढं न्यायचा नाही.

हा शेवटचा नियम मला कुणी समजावून सांगितला नव्हता. माझा वर्ग शेजारचा. दोहोंच्या मध्ये नुसता पत्रा. हिंदीचे शब्दार्थ सांगता सांगता मला पलीकडून ऐकू यायचं, "सखू, व्हॉट इज धिस?" मग शांतता. अशी की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा खडू धरल्यासारखी बोटं आवळून बसायची. मग एक बारीक आवाज, जणू दुसऱ्याच्या तोंडून आलेला, "सखू म्हणायलीय सर, धिस इज अ क्लाउड."

ती कांता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी. स्वतःचं उत्तर ती खणखणीत द्यायची आणि सखूचं असं हळू, डोळे खाली घालून. पोरीच्या अंगात येतं, अशी माझी खात्री झाली. पत्र्याला लावलेला कान काढून मी पुन्हा शब्दार्थ सांगायला लागले, तर पोरं म्हणाली, "मॅडम, ह्ये तर तुमी मघाशीच सांगितलं."

चाचणी परीक्षेला तर कमाल. पर्यवेक्षणाला मी होते. सरांनी आधीच सखूच्या टोकाला प्रश्नपत्रिका आणि कोरा कागद ठेवून वर एक गुळगुळीत गोटा ठेवलेला. सगळा वर्ग खाली मान घालून लिहितोय, आणि वाऱ्यानं त्या कागदाचा कोपरा बाकावर घासतोय. खर्र. थांबला. खर्र. मी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, तरी ऐकू येतंच. तास संपल्यावर कांतानं दोन कागद आणून दिले. एक स्वतःचा, एक कोरा. मी तो बोटाच्या टोकांनी धरला. गुण भरताना सरांनी सखूच्या नावापुढं गैरहजर लिहिलं नाही. "बाकी" असं लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका शब्दानं कुणाला विचारायचं होतं. कसं विचारणार? भूत नसतं असं भाषण मीच दिलेलं. शिपाईमामांना काय म्हणू, मामा, ते आठवीतलं भूत कुणाचं? शहाणपणाची किंमत अशी असते. सगळं कळत असल्याचा आव आणायचा आणि पदराखाली मारुतीचं नाव घ्यायचं.

एका बाजारच्या दिवशी शाळा अर्धी सुटली. मी फाट्यापर्यंत गेले आणि आठवलं, गॉगल टेबलावरच राहिला. परत आले. शाळेत चिटपाखरू नाही. दुपारचं ऊन पांढरंफटक, वऱ्हांड्यात माझ्याच चपलांचा आवाज माझ्यामागून येतोय. आठवीच्या वर्गापाशी आले तर आत कुणीतरी बोलत होतं.

दार थोडं उघडं. सर कांताच्या जागेवर बसलेले, गुडघे वर आलेले, अंग आखडलेलं. हातातल्या रुमालानं शेजारचं रिकामं टोक पुसत होते आणि बोलत होते. इंग्रजी नाही. "लय गार पडायलंय आता. पांघरून घेत जा. कोकरू आजारी पडलं तर त्याला कुशीत घेऊन निजू नको, तुलाच खोकला लागंल. आन पाण्याच्या कडंला मुक्काम न्हाई करायचा, बापाला सांग." मग थांबले. मान तिरपी केली. आणि म्हणाले, "हां. लक्षात हाय माझ्या."

मी पळाले. गॉगल तिथंच, एक चप्पल वऱ्हांड्यात, बाई रस्त्यावर. बाजाराला निघालेल्या दोन बायांनी मला बघून विचारलं, "कामून पळायलात, मॅडम? गाडी चुकली का?" मी म्हटलं, "व्यायाम."

दुसऱ्या दिवशी सरांनी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. "दाराच्या भायेर सापडली, मॅडम. आत सापडली असती तर जप्त करावी लागली असती. रूल म्हंजे रूल." चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

भुताचा उलगडा माघात झाला, तोही हेडसरांच्या खोलीत. कुठल्याशा गावचं नवं पोरगं आठवीत आलं होतं आणि बसायला जागा नव्हती. मी सही करायला गेलेले, आत दोघांचं चाललेलं.

"नरोटे, पोरं दाटीवाटीनं बसायलीत, आन तुमी एक जागा हवेला देऊन बसलात?"

"हवेला न्हाई, सर. सखूला."

"सखू बापाच्या मेंढरामागं हाय. ताडकळसच्या शिवारात हिंडायलीय म्हणं. आता कशाची वापस येते? उन्हाळा झाला की लगीन लावून देतील. नाव कमी करा आन मोकळे व्हा."

"जागा ग्येली की पोरगी ग्येली, सर."

खरं सांगते, माझी निराशा झाली. इतके दिवस जिच्या नावानं माझ्या अंगावर काटा येत होता, ती पोरगी जिवंत, धडधाकट, मेंढरं राखतेय! मेंढपाळांची घरं दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन निघतात, पावसाळ्याला परततात, हे मला, जिल्ह्यातच जन्मलेल्या बाईला, कुणी सांगायची गरज नव्हती, मी फक्त डोळ्यांवरचा गॉगल काढायला हवा होता. पण सरांचा चेहरा बघितला आणि माझं मनातलं हसू विझलं. त्यांनी टेबलाची कड अशी धरली होती, जसं काही कुणी टेबल ओढूनच नेत होतं.

हेडसर वाईट नव्हते. ते म्हणाले, "ठीक. वार्षिक परीक्षेला पोरगी हजर झाली तर जागा तिची. न्हाई झाली तर त्याच दिवशी नाव कमी. फिर मुझसे मत बोलना."

त्यानंतर दर रविवारी सर बसनं ताडकळसच्या बाजूला जाताना दिसू लागले. काय करत होते ते गावाला कळलं, कारण शेतीत केलेला येडेपणा गावात लपत नाही. आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून कळप रात्री आपल्या रानात बसवतात. लेंड्यामुताचं खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. दोन-चार रात्री झाल्या की कळप पुढच्या रानात. सरांनी सखूच्या बापाला गाठलं आणि ओळखीच्या शेतकऱ्यांना गळ घालून कळप रानोरान आमच्या दिशेनं सरकवत आणला. शेवटी गावाजवळ त्यांचा स्वतःचा एक तुकडा होता. तिथं बसवला आणि उठूच देईनात.

सखूचा बाप रानात उभा राहून हात जोडायचा, "मास्तर, एवढुशा तुकड्याला एवढं खत? पीक जळंल तुमचं!"

"जळू द्या. परीक्षा संपेस्तोवर उठायचं न्हाई."

गाव हसलं. मीही हसले, मला कुठं हसायला निमित्त लागतं.

परीक्षेच्या आधीचा दिवस. सकाळी धुरळा असा उठलेला, की खिडकीबाहेरच्या बाभळी पुसट झालेल्या. त्या धुरळ्यातून चरायला निघालेल्या कळपाच्या घंट्यांचा आवाज आला, जवळ आला, शाळेच्या कुंपणाला घासून पुढं गेला. शेजारच्या वर्गात सरांचं वाचन चालू होतं, ते चालूच राहिलं. मी उठून दारात गेले.

आठवीच्या उंबऱ्यात एक पोरगी उभी होती. उन्हानं केस तांबूस, पाय धुळीनं पांढरे झालेले, गणवेश आखूड पडलेला. काठी तिनं बाहेर भिंतीला टेकवली, जशी आपण छत्री टेकवतो. जिला भूत समजत होते ती माणूस निघाली होती, आणि मी नेमकं तेव्हाच पदराखाली मारुतीचं नाव घेतलं.

ती आत गेली. कुणी "आली, आली" केलं नाही. कुणी वळून पाहिलं नाही. ती खिडकीजवळच्या टोकाला जाऊन बसली, आणि कांतानं पुस्तक मधोमध सरकवून चालू ओळीवर बोट ठेवलं. पोरगी जणू पाणी प्यायला बाहेर गेली होती. सरांचं वाक्य मात्र अर्ध्यात थांबलं. ते फळ्याकडं वळले, खडू टेकवला. खडू हलला नाही. वर्ग बसून राहिला, खांदे न हलवता, त्यांची पाठ बघत.

सखू परीक्षेला बसली. काठावर का होईना, पास झाली. जूनमध्ये नववीत आली तेव्हा हेडसरांनी तिला स्वतः नवी पुस्तकं दिली.

पावसाळ्यानंतर एकदा मी सरांच्या रानावरून जात होते. खत असं उतू गेलं होतं, की कापूस माणसाच्या डोक्यावर चढलेला. नुसती पानं, काळीभोर, एकमेकांत गच्च, बोंडं शोधून सापडतील एवढी. वारा नव्हता, तरी आत पानं हलत होती. मी पुन्हा पळायच्या बेतात होते. तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला.

"पळू नका, मॅडम. मी हाय."

ते दिसत नव्हते. मी बांधावर थांबले. "कापूस गेला की हो, सर."

"जाऊ द्या. एकट्याच्या भाकरीला कापूस लागत न्हाई."

न दिसणाऱ्या माणसाला विचारणं सोपं असतं. आणि आजारी कोकरू कुशीत घेतलं की खोकला लागतो, हे मेंढरं राखल्याशिवाय कुणाला कळतं? मी म्हटलं, "सर, तुम्ही पण लहानपणी मेंढरामागंच होतात ना? तुमच्यासाठी कुणी ठेवली होती का जागा?"

पानं हलायची थांबली. मग तोच जाड, एका लयीतला आवाज.

"आमच्या टायमाला बेंच न्हवते, मॅडम. तरटाची पट्टी असायची. पट्टीवर कुठं जागा रिकामी राहती? मी वापस आलो, दारात उभा राहून लय येळ बघितलं. पट्टी टोकापस्तोर भरलेली. मास्तरनं इचारलं, कुणाचा रं तू?" आतून पान खुडल्याचा आवाज आला. "पोरं वाईट न्हवती. जरा सैल बसली होती, एवढंच."