शतावरीची गुप्त जागा

बायकोचा पाठलाग करायचं मी ज्या रविवारी ठरवलं, त्या दिवशी मुद्दाम हिरवा स्वेटर घातला. झुडपांत लपायला बरा, एवढाच त्यामागचा विचार. (माझ्या डोक्यात विचार म्हणून जे येतं ते साधारण एवढंच असतं, असं बायकोचं मत आहे.)

बायकोचं नाव फुमे. गेली बावीस वर्षं एप्रिल लागला की ती दर रविवारी सकाळी टोपली घेऊन समुद्रकाठच्या पायवाटेनं निघते आणि दुपारी रानशतावरीच्या कोवळ्या कोंबांची जुडी घेऊन परतते. मी ऑम्लेटसाठी अंडी फेटून तयार असतो. कोंब कुठून आणले, हे विचारायचं नसतं. आमच्या इस्त्रिया प्रांतात माणूस एक वेळ वाइनचं तळघर उघडं टाकून गावाला जाईल, पण शतावरीची जागा सांगणार नाही. ती फक्त घरच्या माणसाला सांगायची. माझे सासरे बेर्तो शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा त्यांनी एकेकाला खोलीबाहेर घालवलं. उरलो फुमे आणि मी. मला वाटलं, आता कळणार. सासरे म्हणाले, "जावईबापू, वारा फार येतोय. खिडकी लावून घ्या."

मी उठलो.

"बाहेरून," ते म्हणाले.

तेही मी गिळलं. पण यंदा फुमेचा गुडघा गेला आणि मे महिन्यात ऑपरेशन ठरलं. पुढच्या वर्षी टोपली कोण नेणार? अंडी फेटता फेटता मी अगदी सहज म्हटलं, "आता जागा मला दाखवून ठेव."

"नेल्ला जाईल," फुमे म्हणाली. नेल्ला म्हणजे तिची भावजय.

"नेल्ला? तिला तुमच्या घरात येऊन सहा वर्षं झाली फक्त!"

"अंडी सांडतायत, झ्वाने."

मला फार लागलं ते. मी इथल्याच नेचर पार्कच्या फाटकावर तिकिटं फाडतो. रोज शंभर परक्यांना नकाशे वाटतो, दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा धरून जा म्हणून चार भाषांत सांगतो. आणि त्याच वाटेवर माझी स्वतःची बायको कुठे वळते, ते मला ठाऊक नाही! बावीस वर्षांत मी घरचा झालो की नाही, एवढंच मला एकदा बघायचं होतं.

तर फुमे पुढे, मी मागे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला काटेरी रान आणि पायाखाली सुरीसारखे खडक. फुमे लंगडत असूनही माझ्या पुढेच होती. तिनं मागे वळून पाहिलं की मी काट्यांत. सहा वेळा पाहिलं तिनं. (सहाव्या वेळेनंतर स्वेटर हिरवा राहिला नव्हता. खरं तर स्वेटरच राहिला नव्हता.)

सातव्यांदा आत शिरलो तोच समोरून पोस्टमन कोरादो आला. एवढ्या उन्हात कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"काय कोरादो, शतावरीला?"

"छे! हवा खायला," तो म्हणाला. कॉलरमधून दोन हिरवे शेंडे डोकावत होते. "आणि तू?"

"मीपण हवाच."

"झुडपात?"

"इथे जास्त लागते."

त्यानं लांबवर दिसणाऱ्या फुमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आला होता त्याच वाटेनं जवळजवळ पळत परत गेला. काहीतरी विसरला असेल, असं मला वाटलं.

पुढच्या वळणावर, पाइनच्या झाडांपाशी, फुमे दिसेनाशी झाली. मी धावलो. पाय खडकाच्या फटीत गेला आणि बाकीचा मी पुढे गेलो. घोट्यात कळ आली तशी मी लपण्याबिपण्याचं सगळं विसरून बोंब ठोकली, "फुमे!"

झुडूप हललं. आधी फुमे बाहेर आली. तिच्यामागे कोरादो. त्याच्यामागे नेल्ला, मग बेकरीवाला, मग चर्चचे पाद्री आणि शेवटी पार्कमधले आमचे साहेब. सगळ्यांच्या हातात जुड्या. मागच्या मोकळ्या जागेत चादर अंथरली होती, त्यावर चीज, हॅम आणि दोन बाटल्या. एक रिकामीही झाली होती.

"कोरादो, तुला ही जागा माहीत होती?"

"सगळ्यांनाच आहे. बेर्तोकाका होते तेव्हापासून." तो ओशाळला. "फक्त तुला सांगायचं नाही, एवढाच नियम."

"का? मी गावभर करीन म्हणून?"

"गाव इथेच आहे," नेल्ला म्हणाली.

फुमे माझ्याजवळ दगडावर टेकली. घोटा दाबून पाहिला. "शतावरी काय, कुठेही उगवते, झ्वाने. तुझ्या तिकिटाच्या खिडकीमागेसुद्धा आहे. मी इथे येते कारण इथे तू नसतोस."

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. पण मीठ संपलंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

"वर्षातले चार रविवार," ती म्हणाली. "बाकीचे सगळे तुझेच आहेत की."

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाकीच्या रविवारी मी काय करतो हे आठवून पाहिलं, तर तिचं म्हणणं मला थोडं पटलंही.

घोट्याचा भोपळा झाला होता. कोरादो आणि साहेबांनी हातांची खुर्ची करून मला उचललं. मागून फुमे लंगडत आणि बाकीची मंडळी टोपल्या घेऊन. मग साहेब हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारसाठी दुसरी जागा बघायला हवी."

"दीपस्तंभाच्या पलीकडे एक..." कोरादोनं सुरुवात केली.

"श्श!" फुमे मागून म्हणाली. "आधी त्याला खाली ठेवा."

त्यांनी मला एका सपाटशा दगडावर ठेवलं, वीस पावलं लांब जाऊन काय ते ठरवलं आणि परत येऊन उचललं. तोवर मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. साहेबांनी तसंच बसायला सांगितलं होतं.