नाव डावीकडून आलं पाहिजे

कांबळेकाकांना टँकरच्या पाण्याची यादी उडत येणारी हवी होती.

त्या दुष्काळात उदगीरच्या आमच्या कॉलनीत आठ दिवसांनी टँकर यायचा. कुणाचा नंबर कधी, हे काका पाहायचे. लॅपटॉप त्यांचा, कामाला मी. मी एका पानाचा तक्ता केला: घर, माणसं, घागरी. काकांनी चष्मा वर केला.

"पोरी, हे तर मस्टर झालं. मला ते पडद्यावरचं पाहिजे. एका घराला एक पान."

"काका, ते भाषणासाठी असतं."

"मंग मी काय करायलोय?"

काका बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतून निवृत्त झालेले. जन्मभर माइकवर गाड्या पुकारल्या. त्यामुळे बेचाळीस घरांच्या बेचाळीस स्लाइड झाल्या आणि प्रत्येक नाव डावीकडून सरकत आलं, कारण त्यांच्या फलाटाला गाडी डावीकडून लागायची. सगळ्यांत आधी एक पान होतं: 'जिल्हा उदगीर'.

"आपला जिल्हा लातूर आहे," मी हळूच म्हटलं.

"नवा होनारच हाय. मंग परत कोन बदलत बसंल?"

टँकर आला की काका ओट्यावर लॅपटॉप मांडून पुकारायचे. नाव सरकत येईपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा.

"थांब रे, गाडी लागू दे."

शेवटी कॉलनीच्या बैठकीत ठरलं: यादी साध्या तक्त्यात घ्यायची आणि कुलूप लागलेली पाच घरं काढून टाकायची. काकांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी गेले तेव्हा टँकर उभा होता. पडद्यावर 'अनिल कांबळे' सरकत आलं. हा काकांचा मुलगा, पाण्यापायी बायकोमुलांसह पुण्याला गेलेला. काकांनी नाव दोनदा पुकारलं. थोडं थांबले. मग स्वतःच्या घागरीतलं तांब्याभर पाणी त्याच्या बंद दारातल्या जाईला घालून आले. उरलेल्या चार कुलपांपुढेही तसंच.

"पुकारल्याबगर गाडी सोडायची न्हाई," मला पाहून म्हणाले. "प्रवासी कुठं तरी चहा पीत असतो. तू काय म्हनत व्हतीस?"

"काही नाही."

संध्याकाळी बैठकीत विचारणा झाली. एरवी मी तिथे तोंड उघडत नाही.

"ह्या सॉफ्टवेअरमधून एकदा घातलेलं नाव निघत नाही," मी म्हणाले. "दुसरीकडे हलवताही येत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी सांगते, म्हणजे तसंच असणार.