पंचवीस जणांची टीम

एका दिवसात एकवीस आर्किटेक्ट उभे करणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे, असं धाकटी सरांना छातीठोकपणे म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या ओळखीचे आर्किटेक्ट एकूण सहा, आणि ते सहाही आपापल्या सरांच्या ऑफिसात मान मोडून बसलेले असणार.

धाकटी ऑफिसात वयानं सगळ्यात लहान, घरी दोन बहिणींत लहान, त्यामुळे दोन्हीकडे धाकटीच. पाच वर्षं शिकून पदवी घेतली, वर दोन वर्षं नोकरी झाली, तरी हुद्दा अजून ‘शिकाऊ’. या दोन वर्षांत तिनं एकही अख्खी इमारत काढली नव्हती. बाथरूम मात्र साडेतीनशे काढले होते. अलीकडे बढती मिळून ती स्वयंपाकघरांपर्यंत पोचली होती. तिनं काढलेल्या बाथरूममध्ये फरश्या बसवणारा मिस्त्री तिचा महिन्याचा पगार नऊ दिवसांत कमवायचा आणि सहाच्या ठोक्याला हात धुऊन घरी जायचा. धाकटीचा लॅपटॉप स्वतःचा होता, त्यातलं सॉफ्टवेअर स्वतःच्या पैशाचं होतं, आणि शनिवार सरांचा होता.

पगाराचा विषय निघाला की सर खुर्चीत मागे रेलत. “अगं, इथे शिकायला किती मिळतं ते बघ.” शिकायला मिळत होतं हे खरंच, पण बसचा कंडक्टर ते घेत नव्हता. महिन्याची वीस तारीख उलटली की ही पंचवीस वर्षांची पदवीधर बाबांपुढे हात पसरायची, आणि तिला त्याची मनापासून लाज वाटायची.

आता एकवीस आर्किटेक्ट कशाला हवे होते, ते सांगायला हवं. सरांनी ऑफिसचं एक गुळगुळीत माहितीपत्रक छापलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘आमची पंचवीस तज्ज्ञांची टीम.’ प्रत्यक्षात टीम म्हणजे सर, धाकटी, दाढी ठेवल्यामुळे ‘दाढी’ म्हणूनच ओळखला जाणारा दुसरा शिकाऊ, आणि आठवड्यातून दोनदा हिशेब लिहायला येणाऱ्या बाई. ते पत्रक एका बिल्डरच्या हाती पडलं. त्याला एकशेवीस घरं बांधायची होती. त्यानं सोमवारी दुपारी फोन केला, “मंगळवारी येतो. तुमची टीम कामाला बसलेली बघतो आणि मग काय ते ठरवतो.”

सरांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी दोघा शिकाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

“उद्या ऑफिस भरलेलं दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. “कसं, ते मला विचारू नका. जो हे पार पाडेल त्याला कायम नेमणुकीचं पत्र. पगार दीडपट.”

दाढीनं अजून तोंड उघडलं नव्हतं तोवर धाकटीनं ते डोंगर न उचलण्याचं वाक्य टाकलं होतं.

घरी येऊन तिनं फोनाफोनी केली. सहाच्या सहा आर्किटेक्ट मित्रांनी सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं. एकानं तर उलट विचारलं, “तुमच्याकडे एखादी जागा आहे का गं?” शेवटी रात्रीच्या जेवणापर्यंत यादी तयार झाली ती अशी: आई, बाबा, मामा, आणि दाढीच्या क्रिकेटच्या टीममधले सात जण.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” आई म्हणाली.

“कळायची गरजच नाही. स्क्रीनकडे बघत बसायचं आणि मधूनमधून माउस हलवायचा. बोलायचं मात्र नाही, आई. एक शब्द नाही.”

“मी कशाला बोलतेय?” असं आई म्हणाली तेव्हाच खरं तर धाकटीनं सावध व्हायला हवं होतं.

सगळ्यांनी काळे कपडे घालायचे असं ठरलं, कारण आर्किटेक्ट काळेच कपडे घालतात. मामाकडे काळा शर्ट निघाला. आईनं काळा कुर्ता इस्त्री करून ठेवला. बाबांच्या कपाटात काळा म्हणावा असा फक्त रेनकोट होता. “चालेल,” बाबा म्हणाले, “एसी असेलच की तिकडे.” एसी सरांच्या केबिनमध्ये होता.

मंगळवारी खालच्या शिकवणी वर्गातून दहा खुर्च्या मागून आणल्या. त्यांना लिहायला फळी जोडलेली होती, त्या फळ्यांवर नकाशे पसरले. क्रिकेटवाल्यांच्या हातात मोजपट्ट्या दिल्या. मामाला पुठ्ठ्याच्या मॉडेलशेजारी उभं केलं आणि कशालाही हात लावू नकोस म्हणून बजावलं. बाबांना कोपऱ्यात बसवलं. आईला धाकटीच्याच टेबलाशी बसवलं, कारण मोठा स्क्रीन तेवढाच होता आणि त्यावर त्या एकशेवीस घरांसाठी नमुना म्हणून सकाळीच घाईनं काढलेला स्वयंपाकघराचा नकाशा उघडा होता.

बिल्डर अकरा वाजता आला. जाडजूड, शांत माणूस. तो टेबलांमधून सावकाश चालू लागला आणि सर त्याच्या मागून हात चोळत.

“बाकीचे अकरा साइटवर आहेत,” सर म्हणाले.

“हे कोण?” बिल्डरनं बाबांकडे बोट दाखवलं. रेनकोटच्या आत उकडून बाबांचा डोळा लागला होता.

“आमचे सगळ्यात ज्येष्ठ. विचार करतायत. त्यांना डिस्टर्ब केलेलं आवडत नाही.”

बिल्डर आदरानं चवड्यांवर चालत पुढे गेला. मामाच्या हातात मॉडेलचा जिना निघून आला होता, तो त्यानं पाठीमागे लपवला. क्रिकेटवाले एकाच नकाशावर सात बाजूंनी मोजपट्ट्या लावत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. धाकटीच्या डोळ्यांपुढे नेमणुकीचं पत्र तरळायला लागलं आणि तेवढ्यात आईनं ‘च्’ केलं.

छोटंसंच ‘च्’, भाजी जून निघाली की करतात तसलं. पण बिल्डर थांबला.

“काय झालं, मॅडम?”

धाकटीनं पाठीमागून नाही-नाही अशी मान हलवली. आईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, आणि मग तिला राहवलं नाही.

“या फ्रिजचं दार उघडलं की सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसानं जायचं कुठे?”

बिल्डर वाकून बघायला लागला.

“आणि शेगडी खिडकीखाली. वारा आला की ज्योत विझणार. तिच्यावर कुकर ठेवला की वाफ सरळ वरच्या कपाटात. सहा महिन्यांत दार फुगतं. ओलं फडकं कुठे वाळवायचं? कचऱ्याचा डबा कुठे? बाकी चित्र सुरेख आहे हो.”

सरांनी टेबलाचा आधार घेतला. बिल्डरनं मात्र शेजारची खुर्ची ओढली आणि फळी बाजूला सारून आईपाशी बसला.

“चौदा वर्षं बांधकामात आहे,” तो म्हणाला. “हे मला एकाही आर्किटेक्टनं सांगितलं नाही. माझी बायको रोज सांगते. मॅडम, तुमचा अनुभव किती?”

“एकतीस वर्षं,” आई म्हणाली. लग्नाला तेवढीच झाली होती.

“आणि घरं किती केलीत?”

“अकरा.” बाबांच्या बदलीच्या नोकरीत आईनं अकरा घरं लावली होती. “सगळी मी एकटीनं. हे मधे पडत नाहीत.”

बिल्डरनं कोपऱ्यात विचार करणाऱ्या बाबांकडे एक नजर टाकली आणि समजूतदारपणे मान हलवली.

“हा नकाशा कुणाचा?” त्यानं विचारलं.

धाकटीनं अर्धा हात वर केला.

“मुलगी हुशार आहे,” आई घाईनं म्हणाली, “पण स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.”

पाव तासात बिल्डर केबिनमध्ये होता. काम तो देणार होता, सगळंच्या सगळं, एकशेवीस घरं. अट एकच: प्रकल्पप्रमुख म्हणून मॅडम हव्यात, आणि त्यांचं नाव करारात हवं. तो गेल्यावर मामानं जिना थुंकी लावून परत चिकटवला. सरांनी आईला केबिनमध्ये बोलावलं, आणि मध्यस्थी करायला धाकटीला.

“ताई,” सर म्हणाले, “आता माझी लाज तुमच्या हातात आहे. आकडे आणि सह्या आम्ही सांभाळू, तुम्ही नुसतं बघून सांगायचं. तुमची काय अपेक्षा आहे?”

धाकटी आईच्या कानाशी लागणार होती, थोडकंच माग म्हणून. पण आई आयुष्यभर भाजीवाल्यांशी, घरमालकांशी आणि सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्यांशी बोलत आलेली बाई होती.

“अकरा ते चार येईन,” ती म्हणाली. “शनिवारी येणार नाही. न्यायला आणि सोडायला गाडी. त्या टेबलाची खुर्ची बदला, तिला पाठ टेकता येत नाही. आणि पैसे...” तिनं जो आकडा सांगितला तो धाकटीच्या पगाराच्या अडीचपट होता.

सर हो म्हणाले. सगळ्याला, चार मिनिटांत. धाकटीनं दोन वर्षांत त्या खुर्चीचा हात बसवून मागायचं धाडस केलं नव्हतं. ती तिथेच बसली, आणि तिला आईचा अभिमान वाटला, आणि थोडं रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला शिंक आली.

“सर,” ती नाक पुसून म्हणाली, “माझं पत्र?”

“तयारच आहे,” सर म्हणाले. “दीडपट म्हटलंय म्हणजे दीडपट. फक्त एक फॉर्म. कायम करायचं तर प्रकल्पप्रमुखाचा अभिप्राय लागतो. आता बिल्डरपुढे सगळं नियमानं झालेलं बरं.”

प्रकल्पप्रमुख म्हणजे आई. धाकटीचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तिनं दाढीला सांगितलं की पत्र खिशात आहे असंच समज, मामला घरचाच आहे. दाढी बिचारा खरंच खूश झाला. त्यानं तिच्या पहिल्या वाढीव पगारातून चहा कबूल करून घेतला, सातही क्रिकेटवाल्यांसकट.

त्या संध्याकाळी आई फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. चष्मा लावला. एकदा बाबांना विचारलं, “ही सकाळी उठते कधी हो नक्की?” धाकटी शेजारच्या खोलीत दीडपट पगाराची बेरीज-वजाबाकी करत होती. ऐकलं तिनंही, पण चौकशी कशाची चाललीय ते तिच्या ध्यानात आलं नाही. आईनं फॉर्म पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पाकीट केबिनमध्ये फोडलं. समोर धाकटी उभी, आई नव्या खुर्चीत बसलेली. सर मोठ्यानं वाचायला लागले.

“वक्तशीरपणा: तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. नीटनेटकेपणा: ऑफिसचं टेबल ठीक, घरचं कपाट उघडू नये. सूचना ऐकते का: ऐकते, पण ऐकल्याचं दाखवत नाही. कामाचा वेग: चांगला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यास.” सरांनी पान उलटलं. “एकूण मत: मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे. तरी आणखी सहा महिने बघून मग कायम करावं.”

“नियम आहे,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात बरीच सुटका होती. “माझ्या हातात काही नाही गं. सहा महिने काय, असे जातील.”

धाकटी आईकडे वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “आई, काल अख्ख्या ऑफिससमोर तू आर्किटेक्ट झालीस. तेव्हा काही वाटलं नाही?”

“ते बोलण्यातलं होतं,” आई तितक्याच दबक्या आवाजात म्हणाली. “हे लेखी आहे. खाली माझी सही आहे. खोटं कसं लिहू?”

फॉर्मच्या तळाला ‘अभिप्राय वाचला, मान्य आहे’ असं छापलेलं होतं आणि शेजारी कर्मचाऱ्याच्या सहीसाठी रिकामी चौकट होती. सरांनी पेन पुढे केलं. धाकटीनं त्या चौकटीत सही केली.

“तारीख पण घाल,” आई म्हणाली.