कोलांटरावांचे पुरावे

शब्दकोशाच्या कचेरीत पंखा गरगरत होता, तरी उपसंपादक भाऊंच्या कपाळावरचा घाम वाळत नव्हता. चार वाजून गेले होते. पाचला ‘क’च्या पानांचा शेवटचा फर्मा छापखान्यात जायचा होता आणि समोर प्रमुख संपादक बाई ‘कोलांटी’चे कार्ड धरून बसल्या होत्या.

"डोकं खाली, पाय वर करून घेतलेली उडी. अर्थ झाला. उगम, कोलांटराव नावाच्या कसरतपटूवरून. भाऊ, याचे पुरावे तपासू."

तीन पुराव्यांशिवाय ओळ छापायची नाही, हा बाईंचा नियम. गेल्या वर्षी एकाने ‘भोवरा’ची जन्मकथा मनाने रचली, तर त्याच संध्याकाळी तो डबा-छत्रीसकट कायमचा घरी गेला.

आता कोलांटराव हे भाऊंचेच अपत्य. चार वर्षांपूर्वी विद्यार्थी आवृत्तीच्या घाईत उगमाची चौकट कोरी राहिली. ‘अज्ञात’ लिहावे तर बाई फाडून खाणार, आणि छापखान्याचा माणूस दारात ताटकळत उभा. भाऊंनी दोन शब्द खरडले, कोण बघतंय म्हणाले आणि चहाला गेले.

बघितले पुष्कळांनी होते. बाईंनी टेबलावर एकेक कागद ठेवला.

"ही आपली विद्यार्थी आवृत्ती. हे वर्तमानपत्राचं कात्रण. आणि हा व्यायामशाळेच्या पाटीचा फोटो. कोलांटराव व्यायामगृह."

"बाई, पेपरवाल्यांनी आपल्याच कोशातून उचललं असेल. आणि व्यायामशाळेनं पेपरातून."

"असेल, असेल काय करताय? शंका असेल तर चौथा पुरावा बाहेर बसलाय. बोलवा त्याला."

चौथा पुरावा खुर्चीत मावत नव्हता. तो कोलांटरावांचा पणतू होता.

"माझी तक्रार आहे," तो म्हणाला. "उडी पणजोबांची नव्हे, पणजीची. पणजोबा नुसते खाली चादर धरायचे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" भाऊंचा आवाज चिरकला.

"पेपरात वाचल्यावर आठवायला लागलं. त्याआधी घरात कुणी विषयच काढला नव्हता."

बाईंनी टिपून घेतले, ‘घराण्यातील आठवण’.

पाचला दहा मिनिटे कमी होती. भाऊंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. गप्प बसले तर नोकरी शाबूत, पण नोंदीखाली त्यांची आद्याक्षरे छापली जाणार आणि ती त्यांच्यानंतरही राहणार. तीस वर्षे शब्द जपलेल्या माणसाला ते सोसेना. त्यांना मनापासून लाज वाटली.

"बाई, कोलांटराव नव्हतेच. मी मनानं लिहिलं."

पणतू ताडकन उठला. "माझ्या पणजोबांना नव्हते म्हणता?"

बाईंनी चष्मा काढला. भाऊंची नजर कोपऱ्यातल्या छत्रीकडे गेली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"कुठं लिहून ठेवलंय?"

"कुठंच नाही, बाई."

"म्हणजे तुमच्या म्हणण्याला पुरावा एकच, तोही तुम्ही स्वतःच. कोलांटरावांना चार आहेत." बाईंनी चष्मा पुन्हा चढवला, ‘कोलांटराव’पुढचे ‘नावाच्या कसरतपटू’ खोडून ‘यांच्या पत्नी’ असे नीट अक्षरात लिहिले आणि कार्ड भाऊंपुढे सरकवले. "सही करा. आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत तुमच्या खोटेपणाचे आणखी दोन पुरावे आणा, मग बघू."