दसऱ्याला पुजलेले पत्ते

दसऱ्याच्या सकाळी निवृत्ती देवघरातून असा काही ओरडला, की त्याच्या बायकोला, कोकिळाला, वाटलं, चिमी पडली. अमडापूरच्या त्या घरात काहीही वाजलं तरी कोकिळाला आधी तेच वाटायचं. कणकेचे हात तसेच घेऊन ती धावली. चिमी पडलेली नव्हती. आजीच्या कडेवर बसून आजीचं कोपर ओढत होती. आजीच्या, म्हणजे सत्यभामाबाईंच्या, हातात कुंकवाची वाटी होती. समोर पाटावर विळा, कुऱ्हाड आणि वखराची लोखंडी पास मांडलेली, आणि त्यांच्याच रांगेत निवृत्तीचे पत्ते. गठ्ठ्यानं उभ्या ठेवलेल्या त्या पत्त्यांच्या वरच्या कडांवरून, पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत, तेलात कालवलेल्या कुंकवाची लालभडक रेघ.

"माय! हे काऊन केलं तू?"

"काऊन म्हंजे? दसरा हाय आज. ज्याच्यावर पोट चालते त्याले पुजतेत. तुहा बाप वखर पुजे. तू का पुजशीन, कंगवा?"

"अवं, पण मशीनीत जातेत हे पत्ते! कुंकू लागलं तं मशीन अडकीन!"

"कुंकवानं कोनाचं काही अडकत नसते," सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या. "रेघ जराशी तिरपी गेली, तेवढं खरं. ह्या पोरीनं कोपर ओढलं माहं."

निवृत्तीचे पत्ते खेळायचे नव्हते. तो मुंबईला एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकत होता. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याएवढं धूड. त्याच्याशी बोलायचं तर जाड कागदाच्या पत्त्यांना भोकं पाडून बोलावं लागे. एका पत्त्यावर एक ओळ. असे पत्ते चार बोटं उंचीपर्यंत एकावर एक रचले, की एक प्रोग्रॅम. गोदामात कुठला सुटा भाग कुठे पडलाय ते सांगणारा हा प्रोग्रॅम मशीननं दोनदा परत फेकला होता. म्हणून तो दसऱ्याच्या रजेत पत्ते घरी घेऊन आला होता, आणि सोबत एक इंग्रजी जाडजूड पुस्तक. ते तो जेवतानाही उघडं ठेवायचा. त्याच्या मते जगात शिकण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: ते पुस्तक, आणि कचेरीतले एक मद्रासी साहेब, जे विचारलेल्या प्रश्नाला नेहमी दुसरा प्रश्नच विचारत.

कोकिळा बी.ए. झालेली. तिला राहवेना. आदल्या दिवशी चिमीला मांडीवर झोपवत तिनं विचारून विचारून त्याला भंडावलं होतं. हे भोक कशाचं? मशीनला दिसतं कसं? पत्त्याचा एक कोपरा कापलेला का?

"उलटा लागला तर कळावं म्हणून."

"आणि हा पत्ता या पत्त्याच्या आधी का हो?"

"कारण आधी गोदाम उघडायचं, मग आतलं..." निवृत्ती थांबला. पत्त्यांकडे बघत राहिला. "अवं, मी तर आधी आतलं मोजून राह्यलो अन् मग गोदाम उघडून राह्यलो!"

दोन पत्त्यांची अदलाबदल केली आणि प्रोग्रॅम सुधारला. निवृत्ती इतका खूश झाला, की त्यानं चिमीचं नाव भोकांत कसं दिसेल तेही काढून दाखवलं.

कोकिळाची ओढ नुसती ज्ञानाची नव्हती. रजेनंतर प्रोग्रॅम चालला तर निवृत्ती कायम होणार. कायम झाला तर कंपनीची खोली. खोली मिळाली तर कोकिळा आणि चिमी मुंबईला. लग्नापासून ती इकडे आणि तो तिकडे, असंच चाललं होतं. तिनं मनातल्या मनात बिऱ्हाड मांडलंही होतं, आणि मुंबईतल्या गॅलरीच्या गजांतून चिमीचं डोकं जाईल का, याची काळजीही करून झाली होती.

आणि आता त्या बिऱ्हाडावर कुंकवाची रेघ.

निवृत्तीनं पत्त्यांना लावलेले रबर काढले आणि ओल्या फडक्यानं कडा पुसायला घेतल्या. तेलकट कुंकू जागचं हललं नाही, फडकं मात्र लाल झालं. मग त्यानं ठरवलं, की या घरात पत्ते खाली ठेवायचेच नाहीत. दिवसभर तो ते छातीशी धरून हिंडला. जेवतानाही मांडीवर.

"लेकीले एवढं घेतलं नाही कधी यानं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक सोनं द्यायला आले. पहिले आले शेजारचे हिंमतराव. गावातले वयानं सगळ्यांत मोठे, आणि पत्त्यांच्या अड्ड्यावरही सगळ्यांत जुने.

"घ्या सोनं!" त्यांनी आपट्याची पानं पुढे केली.

आता सोनं घेतल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, हे निवृत्तीच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. त्याला विचार करावाच लागला नाही. तो वाकला. रबर काढलेले पत्ते छातीवरून सुटले आणि थेट हिंमतरावांच्या पायांवर ओतले गेले. कोकिळानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ओसरीभर पत्ते आणि आपट्याची पानं एक झाली होती, आणि चिमी दोन्ही हातांनी ती उधळत होती.

"अरे, एवढा कायले वाकतं बे!" हिंमतराव गहिवरले. खाली बसून त्यांनी सराईत हातांनी पत्ते गोळा केले, ठोकून सारखे केले, आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन भाग करून फर्रकन पिसले. एकदा नव्हे, तीनदा.

"घे. चांगले पिसून देल्ले."

निवृत्ती पायरीवर मटकन बसला.

"अहो, त्यांच्यावर क्रमांक असतील ना?" कोकिळानं हळूच विचारलं.

"साहेब म्हणत होते, आकडे टाक. मी म्हटलं, शेवटी टाकीन."

"मग आता?"

"एकेक पत्ता वाचा लागीन. रजा पुरत नाही, कोकिळा. खोली गेली."

हिंमतराव पिसलेले पत्ते तसेच हातात धरून उभे. कोकिळानं चिमीच्या तोंडातून एक पत्ता ओढून काढला आणि पदरानं पुसला. वरच्या कडेवर, अगदी डाव्या टोकाला, कुंकवाचा ठिपका होता. तिनं हिंमतरावांच्या हातातला दुसरा घेतला. त्याचा ठिपका मधोमध. तिसऱ्याचा उजवीकडे.

"आत्याबाई, सकाळी रेघ कशी गेली म्हणालात?"

"तिरपी गेली वं माय. आता का तेही माह्यावरच?"

"अहो, तिरपी आहे! सरळ असती तर सगळ्यांचे ठिपके एकाच जागी आले असते; तिरपी म्हणून प्रत्येक पत्त्याचा जरा पुढे सरकलाय. डावीकडचे आधी लावा, मग त्यांच्या पुढचे. रेघ जुळली की प्रोग्रॅम जुळला!"

चौघं ओसरीवर बसले. कापलेले कोपरे एका बाजूला केले आणि ठिपके सरकवत नेले. हिंमतरावांचे हात सर्वांत चपळ निघाले. कुंकू लावणारं सत्यभामाबाईंचं बोट जाड असल्यामुळे शेजारच्या दोन-चार पत्त्यांत घोळ राहिला, तेवढा निवृत्तीनं भोकं वाचून सोडवला. रात्रीची जेवणं व्हायच्या आत रेघ पुन्हा अखंड झाली. फक्त मध्ये एका जागी चिमीच्या दातांची नक्षी होती.

दिवाळीत निवृत्ती आला तो खोलीची किल्ली घेऊनच. प्रोग्रॅम चालला होता.

"सायबानं कुंकू पाह्यलं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"पाह्यलं. इचारलं, हे का हाय? मी म्हटलं, क्रम राखायची पद्धत हाय आमच्याकडची. आता सारी कचेरी लाल पेन्सिलीनं रेघ ओढते." तो जरा घुटमळला. मग पिशवीतून नवे पत्ते काढून आईपुढे ठेवले. "पण पेन्सिलीचा माहा एकही प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला नाही. माय, तू एक रेघ ओढून दे."

सत्यभामाबाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी हात धुतले, पाट मांडला, कुंकू कालवलं. दसऱ्याला तारलं ते कुंकवानं, तिरपेपणा ही आपली चूकच, असं त्या धरून होत्या; ती पुन्हा होऊ नये म्हणून चिमीला खाली ठेवलं, एक डोळा मिटला, आणि बोट पत्त्यांच्या या टोकावर टेकवून त्या टोकाकडे असं रोखलं, की रेघ ओळंब्यासारखी सरळ जावी.

निवृत्तीनं घाबरून कोकिळाकडे पाहिलं. रेघ तिरपीच हवी, हे आईला सांगणार कोण?

कोकिळानं चिमीला उचललं आणि सासूबाईंच्या कडेवर बसवलं.

"घ्या हो आत्याबाई. उद्या आम्ही जाणार. आज तरी घ्या जवळ."

सत्यभामाबाईंनी नातीला पोटाशी ओढलं. चिमीनं लगेच त्यांचं कोपर धरलं.

"अवं मेले, रेघ गेली न माही!"

"जाऊ द्या," कोकिळा म्हणाली.