गोन्तासानचं पोट आणि मिनोरूचं गाणं

एका जंगलात, बाळांनो, रॉक संगीत फार बोकाळलं होतं. हे जंगल आपल्याकडचं नाही, जपानातलं. तेव्हा आईला विचारायला पळू नका, तिलाही माहीत नसणार.

त्या जंगलात गोन्ता नावाचा एक तानुकी राहायचा. तानुकी म्हणजे काय? तोंड कोल्ह्याचं, चाल अस्वलाच्या पिल्लाची आणि पोट लग्नातल्या आचाऱ्याचं. हे पोट तो ढोलासारखं बडवायचा. बडवायचा मात्र झकास, खोटं कशाला बोला!

जंगलात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच होती, कुमागोरो नावाच्या अस्वलाची. कुमागोरोला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याची अट एवढीच, की गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. त्यापुढे त्याला झोप आवरायची नाही. गोन्ताचं तर नुसतं पोटच सात मिनिटं चालायचं. अस्वलाने त्यातलं निम्म्याहून जास्त कापायला सांगितलं.

"हा कलेचा खून आहे!" गोन्ता ओरडला. त्याने कंपनीच्या दारावर लाथ मारली, पाय दुखावून घेतला, लंगडत बाहेर पडला आणि बांबूच्या बनात स्वतःचं लेबल काढलं. लेबल म्हणजे रेकॉर्डचं दुकानच. पण मालकाने डोळ्यांत काजळ आणि अंगात चामड्याचं जाकीट घातलं, की त्याला दुकान म्हणायचं नसतं. चामडं कुणाचं होतं ते विचारू नका. नाव ठेवलं 'मोकळं पोट रेकॉर्ड्स'. दारावर पाटी लावली, 'इथे मालक नाही. इथे सगळे वादक.'

त्याच उन्हाळ्यात मिनोरू जमिनीतून वर आला. मिनोरू सिकाडा होता. सिकाडा म्हणजे झाडावर बसून भर दुपारी किर्र करणारा किडा. वर्षानुवर्षं मातीखाली अंधारात काढायची आणि मग एकच उन्हाळा वर येऊन गायचं, असं त्यांचं आयुष्य. दुसरा उन्हाळा मिळत नाही. मिनोरूने अंधारात बसून एक गाणं रचलं होतं. ते आपल्या आवाजात रेकॉर्ड व्हावं आणि आपण गेल्यावरही कुणीतरी ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. जास्त काही मागत नव्हता बिचारा.

तो थेट बांबूच्या बनात गेला. कलावंताचं दुःख कलावंतालाच कळणार, असं त्याला वाटलं. तुम्हालाही वाटतंय ना? वाटू द्या.

मिनोरू गायला. गोन्ता ढसाढसा रडला. काजळ पार गालांवर आलं.

"मिनोरू, यातला एक सूरही बदलायचा नाही!"

मिनोरूचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात गोन्ता उठला, कमरेत वाकला आणि त्याने चक्क कपाळ जमिनीला टेकवलं.

"फक्त मागे थोडंसं पोट वाजवू का? मालक म्हणून नाही हं. तुझ्यासारखाच एक वादक म्हणून विचारतोय."

आता त्या जंगलाची रीत अशी, की मोठा आपल्यापुढे वाकला तर आपण त्याच्याहून खाली वाकायचं आणि नाही म्हणायचं नाही. अस्वल कधी वाकत नसे, म्हणून त्याच्याशी भांडता यायचं. मिनोरू आधीच बोटाएवढा. तरी तो वाकला.

"वाजवा की, गोन्तासान." तिकडे मोठ्यांच्या नावाला सान लावतात, आपण राव लावतो तसं.

पहिल्या दिवशी पोट मागे होतं. मग ते शेजारी आलं. मग गोन्ता म्हणाला, "सुरुवातीला नुसतंच पोट आलं तर वातावरण तयार होईल." वातावरण तयार व्हायला बराच वेळ लागला. मग शेवटालाही पोट हवंसं वाटलं. दर वेळी गोन्ता आधी कपाळ टेकवायचा आणि दर वेळी मिनोरू त्याच्याहून खाली वाकायचा.

एकदा तळ्याकाठी त्याला केरोको बेडकी भेटली. ती याच लेबलची जुनी गायिका.

"माझी रेकॉर्ड ऐकलीस का रे?" तिने विचारलं.

"ऐकली ना, केरोकोताई. पोट काय सुरेख वाजलंय!"

"अरे मेल्या, त्यात मी गायलेय!"

मिनोरूने वर झाडांकडे पाहिलं. पानांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या. त्याचा आवाजही मधूनच फाटत होता. तो धावत गोन्ताकडे गेला आणि या खेपेला मुद्दाम ताठ उभा राहिला.

"गोन्तासान, माझ्या गाण्यात मीच ऐकू येत नाहीये. पोट काढा. मला वेळ नाही हो!"

गोन्ताचा चेहरा पडला. "मी तुला कापायला सांगितलं का? बदलायला सांगितलं का? मी फक्त देतोय, मिनोरू. अस्वलाने तुला काय दिलं असतं?"

"काहीच नाही," मिनोरू म्हणाला. आणि हे बोलताबोलताच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तो तडक अस्वलाकडे गेला. कुमागोरो नुकताच मध चापून लवंडला होता.

"किती लांब आहे?" अस्वलाने एक डोळा उघडून विचारलं.

"दीड मिनिट, साहेब."

"वा! गा."

मिनोरू जीव तोडून गायला. मधे आवाज फाटला, तो तसाच राहू दिला. दुसऱ्या ओळीलाच अस्वल घोरू लागलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या माकडाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हरकत घेतली नव्हती. त्या कंपनीत हरकत नाही म्हणजे मंजूर. माकडाने रेकॉर्ड काढून टाकली.

मिनोरूने ती एका फांदीवर बसून ऐकली. फाटक्या जागेसकट सगळा त्याचाच आवाज होता. इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं. दोन दिवसांनी तो त्याच फांदीवरून गळून पडला. रडू नका, सिकाडांचं असंच असतं. बरं, थोडं रडा.

गोन्ताला बातमी कळली तेव्हा त्याने जाकिटाची बाही दातांत धरून हंबरडा फोडला. मग डोळे पुसून मिनोरूच्या स्मरणार्थ खास रेकॉर्ड काढली. संपूर्ण गाणं, फक्त पोटावर. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत मिनोरूचे आभार मानले होते. सारं जंगल गहिवरलं. एवढ्या मोठ्या मनाचा मालक पाहिला नाही, असं जो तो म्हणाला. गोन्ता कपाळ टेकवून म्हणाला, "मालक कसला, मी साधा वादक."

तात्पर्य: गाणं जपायचं असेल तर ते झोपाळू मालकाकडे न्यावं. रसिक मालक आधी रडतो, आणि रडून झालं की वाजवायला बसतो.